कमरजहांची हिरा

येरवडा
१२ जून २०२३

मुक्ताई, सलाम.

गुडघा बदलून आज एकवीस दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, अजून दीड महिना जिना उतरायचा नाही. म्हणजे मी दुसऱ्या मजल्यावर आणि माझी कादंबरी तुमच्या पिशवीत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं शुद्धलेखन बघून तुमचं पित्त खवळतं, म्हणून आपलं पत्रच बरं. येरवड्याहून शनिवार पेठेत पोचायला टपालाला चार दिवस लागतात. तेवढ्यात मी रांगत आले असते.

एकच विचारायचंय. 'काटामारी'चा गठ्ठा मी मेच्या दोन तारखेला तुमच्या हाती दिला. तुम्ही म्हणालात, उद्याच अक्षरघाट प्रकाशनात निकिताला नेऊन देते. बापूराव होते तेव्हा आठवड्यात कार्ड यायचं, 'मिळाले, वाचतो आहे.' त्यांची सून सहा आठवडे गप्प आहे. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा 'मॅडम मीटिंगमध्ये'. इतक्या मीटिंगा तर महापालिकेत होत नाहीत.

पंचवीस वर्षांत अकरा पुस्तकं झाली. मंडईतल्या फळांच्या गाळ्यावर बसून माझ्या कमरजहांने अकरा खुनी पकडले, आणि प्रत्येक पुस्तकाचं अक्षरन् अक्षर तुम्ही तपासलंत. तिला विचारलं तर ती म्हणेल, जे गिऱ्हाईक भाव न विचारता गप्प उभं राहतं, त्याच्या पिशवीत आधी बघ. मलाही तसंच वाटतंय. काहीतरी आहे, आणि ते मला कुणी सांगत नाही.

निकिताने वाचलं का? खरं काय ते कळवा. हे लिहिता लिहिता चहा गार झाली.

तुमची,
फरहत


शनिवार पेठ
१९ जून २०२३

प्रिय फरहत,
अनेक आशीर्वाद.

चहा गार झाला. झाला! पंचवीस वर्षं सांगते आहे. तुमच्या घरी चाय बाई असेल, मराठीच्या उंबऱ्याच्या आत आली की तिने पुरुष व्हायचं. आणि तुझ्या पुस्तकातली माणसं सदानकदा चहा पितात, तेही मला चालत नाही हे तुला माहीत आहे. पितात ती गुरं. माणसं चहा घेतात.

आता मुद्द्याचं. निकिताने वाचलं. फार आवडलं म्हणाली. पण घेत नाही.

रागावू नकोस, आधी ऐक. तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवलं. दुकानदार लेखकाचं नाव टाइप करतो, मागच्या पुस्तकाच्या किती प्रती गेल्या ते त्याला दिसतं, आणि नव्या पुस्तकाच्या तो त्याहून कमी मागवतो. कमी मागवल्या म्हणून कमी जातात, की पुढच्या वेळी आणखी कमी. वाचनालयं पूर्वी निम्मी आवृत्ती उचलायची, आता त्यांनाच वर्गणीदार सापडत नाहीत. निकिता म्हणाली, "बाईंची पुस्तकं पडली असती तर नाही म्हणणं सोपं होतं. ती पडतही नाहीत आणि धावतही नाहीत. अशा मधल्या लेखकांचं काय करायचं तेच समजत नाही. त्यापेक्षा कोरं करकरीत नाव असलं तर दुकानदार निदान आशेने तरी मागवतो."

ती हे हसत म्हणाली. मला नाही हसू आलं.

गुडघ्याला शेक घे.

तुझी,
मुक्ताई


येरवडा
१ जुलै २०२३

मुक्ताई, सलाम.

तुमचं पत्र आलं. अलफियाने वाचलं आणि म्हणाली, "अम्मी, सोड ना, ऑनलाइन टाकू." माझी लेक बँकेत आहे, तिला सगळं ऑनलाइन टाकता येतं.

मला एक सांगा, 'फार आवडलं' म्हणजे नक्की काय? कोणतं प्रकरण? खून फळांच्या वखारीत होतो ते, की आंब्याच्या पेटीतल्या ओल्या पेंढ्यावरून कमरजहां खुनी ओळखते ते? 'फार आवडलं' हे लोक लग्नातल्या जेवणालाही म्हणतात, आणि घरी जाऊन सोडा घेतात. मला शंका आहे की निकिताने पहिलं पानसुद्धा उलटलेलं नाही.

अकरा पुस्तकं सुरळीत चालली. शाळेत नोकरी करून, पहाटे उठून लिहिली. मी काही गाजले नाही, पण माझी वाट बघणारी हजारभर माणसं तरी होती. ती सगळी एका झटक्यात मेली का? मला वाईट वाटतंय हो. लपवत नाही.

गठ्ठा परत पाठवा. झेरॉक्स माझ्याकडे आहे, पण मूळ प्रत परक्या टेबलावर नको.

फरहत


शनिवार पेठ
२४ जुलै २०२३

प्रिय फरहत,

कोणतं प्रकरण ते विचारायचं राहिलं. गठ्ठा माझ्याकडेच आहे, कपाटात. पावसापाण्यात कुरिअरवाल्याच्या हाती देणार नाही. तू चालती झालीस की घेऊन जा, घाई काय आहे?

डोळ्यांत थेंब घालायचे आहेत, म्हणून इतकंच.

मुक्ताई


येरवडा
८ जानेवारी २०२४

मुक्ताई, सलाम.

सहा महिने तुमचं अक्षर दिसलं नाही. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. डोळे दुखत असतील म्हणून गप्प राहिले. आज गप्प राहणार नाही.

काल अलफियाने अप्पा बळवंत चौकातून एक पुस्तक आणलं. 'हिराचा तराजू', लेखक दत्तप्रसाद ढोमणे, अक्षरघाट प्रकाशन. दुकानदार तिला म्हणाला, "घेऊन जा, नवीन पोरगा आहे, एकदम फ्रेश." मी रात्रीच्या जेवणाआधी उघडलं आणि जेवले नाही.

मुक्ताई, ती 'काटामारी' आहे! प्रकरणामागून प्रकरण, वाक्यामागून वाक्य. वखार तीच, आंब्याची पेटी तीच, ओला पेंढा तोच. फक्त कमरजहांची हिरा झाली आहे. माझी कमरजहां नमाज पढून गाळा उघडायची, ही हिरा उदबत्ती लावून उघडते. बाकी तोंडातला शब्द न् शब्द कमरजहांचा. माझ्या डोळ्यांदेखत कुणी माझ्या पोरीचे कपडे बदलून तिला दुसऱ्याच्या घरी नांदायला पाठवावं, तसं झालं मला. मी रडले. मग रडणं थांबवून पेन्सिल घेतली.

माझा तर्क असा. तुम्ही नेलेला गठ्ठा निकिताने परत देण्याआधी स्कॅन करून ठेवला. मला आकड्यांचं पुराण ऐकवलं, आणि हा कोण ढोमणे, त्याच्या कोऱ्या नावावर छापला. पान १४३ वर हवालदार म्हणतो, 'माझी चहा राहू दे.' अशी चहा पुण्यात माझ्याशिवाय कुणाची असते?

मी वकिलाकडे जाणार आहे. त्याआधी दोन गोष्टी सांगा. गठ्ठा निकिताच्या टेबलावर किती दिवस होता? आणि या पुस्तकाची मुद्रितं तुमच्याकडे आली होती का?

तुमच्याशिवाय मला साक्षीदार नाही.

फरहत


शनिवार पेठ
१५ जानेवारी २०२४

प्रिय फरहत,

वकिलाकडे एवढ्यात जाऊ नकोस. वकील म्हणजे अर्ध्या गोष्टीचं पूर्ण शुल्क.

मुद्रितं माझ्याकडे आली नाहीत. दोन वर्षं झाली, मी अक्षरघाटचं काम घेत नाही, डोळे साथ देत नाहीत. गठ्ठा किती दिवस होता ते आठवत नाही. सत्तरीच्या बाईला तारखा विचारू नयेत.

साम्याचं म्हणशील तर मंडई सगळ्यांची आहे. फळवालीवर कुणीही लिहील. आणि एका चहावरून कुणाला चोर ठरवू नये. तो मुलगा यवतमाळचा, त्यांच्याकडे चहा बाईच असते. 'चहा झाली का' असंच म्हणतात. त्यात तुझं काही नाही.

शांत हो. पुढचं लिहायला घे.

मुक्ताई


येरवडा
२० जानेवारी २०२४

मुक्ताई,

गुडघा आता बरा आहे. रिक्षाने अर्ध्या तासात तुमच्या दारात येऊ शकते. मुद्दाम येत नाही. समोर आले की तुम्ही ऐकू न आल्यासारखं कराल. कागदावर तसं करता येत नाही.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पुस्तकावर लेखकाचा फोटो नाही, गाव नाही. मागे फक्त इतकंच छापलंय, 'लेखक पुण्यात नोकरी करतात.' मग तो यवतमाळचा हे तुम्हाला कुणी सांगितलं?

आणि यवतमाळचाच असेल, तर त्याची चहा अख्ख्या पुस्तकभर बाई असायला हवी. मी झेरॉक्स शेजारी ठेवून मोजलं. माझ्या प्रतीत चहा बत्तीस वेळा येते, बत्तीसही वेळा बाई. छापलेल्या पुस्तकात एकतीस वेळा पुरुष. म्हणजे कुणीतरी बसून एकतीस वेळा दुरुस्ती केली आणि एकदा नजर चुकली. ती दुरुस्तीसुद्धा कशी? हवालदार चहा घेतो. हमाल चहा घेतो. वखारीचा मालक जीभ भाजेपर्यंत चहा घेतो. एवढ्या मोठ्या पुस्तकात एकही माणूस चहा पीत नाही!

पुण्यात लाखो माणसं मराठी लिहितात. त्यांतल्या एकाच बाईच्या मते चहा पिणं हे गुरांचं काम आहे.

निकितावर खोटा आळ घेतला म्हणून आता माझीच मला लाज वाटते. पण तिच्याबद्दल नंतर बघू. तुम्ही का केलंत हे? मी तुम्हाला थोरली बहीण मानत आले. तुमच्या कपाटात माझी कागदपत्रं सुरक्षित असतात असं मी अलफियाला सांगून ठेवलं होतं, मला काही झालं तर तिकडे जा म्हणून.

वकिलाकडे गेलेले नाही. तुमच्या उत्तरासाठी थांबले आहे.

फरहत


शनिवार पेठ
१ फेब्रुवारी २०२४

प्रिय फरहत,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिली दोन फाडली, त्यांत मी फारच शहाणी वाटत होते.

होय, मी केलं. पान १४३ सुटलं ते मोतीबिंदूमुळे. माझ्या हातून असं कधी सुटलं नव्हतं.

आता सगळं सांगते. निकिताने तुझी कादंबरी वाचली, हे खोटं होतं. मी गठ्ठा परत आणायला गेले तेव्हा दोरीला मी मारलेली गाठ तशीच्या तशी होती. तिने फक्त वरचं नाव पाहिलं होतं आणि आकडा. तुला हे कसं सांगू? पाय प्लास्टरमध्ये असल्यासारखा धरून बसलेल्या बाईला? म्हणून 'फार आवडलं' म्हणाले.

माझ्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आहे, दत्तप्रसाद. आयटीत आहे, स्वभावाने गरीब. त्याला म्हटलं, तुझं नाव दे. त्यानेच रोज संध्याकाळी बसून टाइप केलं, मी शेजारी बसून तपासलं. कमरजहां ठेवली असती तर निकिताने मालिका ओळखली असती, म्हणून हिरा केली. ऑगस्टमध्ये पाठवलं. तिने दोन दिवसांत वाचलं, फरहत! दोन दिवसांत. रडत फोन केला त्या मुलाला, असं मराठीत कुणी लिहीतच नाही म्हणे. मी पलीकडे बसून ते त्याच्या चेहऱ्यावर पाहत होते आणि मला वाटत होतं, हे तुझ्या कानावर पडायला हवं होतं.

आवृत्ती संपली, दुसरी निघाली. तुझ्या कोणत्याही पुस्तकाला असं झालं नव्हतं. दत्तप्रसादच्या खात्यात जे आलं ते त्याने जसंच्या तसं माझ्याकडे दिलं आहे, ते तुझंच आहे. तुला पहिल्याच दिवशी सांगणार होते. मग वाटलं, दुसरी आवृत्ती निघू दे, म्हणजे रागावणार नाहीस. मग वाटलं, पुरस्कार मिळू दे. भित्रेपणाला कारणं कमी पडत नाहीत.

आता नीट वाच. निकिताला हिराची आणखी तीन पुस्तकं हवी आहेत. करार तयार आहे. तुझ्या नावावर एकही निघणार नाही, हे मी तुला लिहून देते. दत्तप्रसादच्या नावावर तिन्ही निघतील. तू लिही, मी तपासते, तो सही करतो. तुझी माणसं पुन्हा छापून येतील. नाहीतर ती तुझ्या झेरॉक्समध्ये राहतील. मार्चच्या तीन तारखेला एका वाचनालयात त्याची मुलाखत आहे, त्याआधी कळव. त्या बिचाऱ्याला झोप लागत नाही.

आठवतं, पहिल्या पुस्तकाच्या वेळी बापूराव म्हणाले होते, 'नुसतं फ. बागवान छापू'? मीच भांडले होते. 'फरहत बागवान' पूर्ण छापा, नाहीतर मी हे पुस्तक तपासणार नाही, म्हणाले होते. मी तुझ्या नावाची वैरी नाही, एवढं तरी लक्षात ठेव.

तुझी,
मुक्ताई


येरवडा
७ फेब्रुवारी २०२४

मुक्ताई, सलाम.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी चक्क खूश होते. खोटं कशाला बोलू? निकिता रडली, हे मी अलफियाला तीनदा वाचून दाखवलं. मनात म्हटलं, गेलं नाव खड्ड्यात, बाई, लिही तीन पुस्तकं. कागद काढले. हिराच्या पुढच्या गोष्टीचं पहिलं पान लिहिलंसुद्धा.

मग अलफिया बँकेतून आली. ते पान वाचलं. कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "अम्मी, मुक्ताईंना नवीनच नाव हवं होतं ना? मग माझं का नाही घेतलं?"

मी तिला म्हटलं, काहीतरीच काय! आणि मग हिराचं ते पान बाजूला सरकवलं.

मुक्ताई, अलफिया बागवान हे कोरं करकरीत नाव आहे. दुकानदाराच्या संगणकात तिचा एकही आकडा नाही. ती तुमच्यासमोर लहानाची मोठी झाली. तुमच्याकडे बसून तिने बाराखडी गिरवली. टाइप तिला त्या मुलापेक्षा चांगलं येतं. ओळखू येऊ नये म्हणून आडनाव बदलायचं होतं, तर तिच्या सासरचं मोमीन आडनाव होतं. आणि कमरजहां ओळखू येऊ नये, तर तिची मेहरुन्निसा करता आली असती, शमशाद करता आली असती. तिची हिराच का झाली?

तुम्ही म्हणता आकडा नडला. असेलही. निकिताने गाठ सोडली नाही ती आकडा बघून की नाव बघून, ते मला कधीच कळणार नाही. पंचवीस वर्षांत दुकानदारांनी प्रती कमी मागवल्या त्या कशामुळे, तेही आता मला कळणार नाही. पूर्वी मी कधी असा विचार केला नव्हता. आता प्रत्येक जुन्या गोष्टीकडे बघताना शंका येते. एकदा शाळेतल्या सत्काराला माझं नाव चुकीचं वाचलं होतं, तेव्हा मीच हसले होते.

निकिताला मी विचारणार नाही. तुम्हाला विचारते. अलफिया का नाही?

फरहत


शनिवार पेठ
१४ फेब्रुवारी २०२४

फरहत,

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. उत्तर शोधत होते.

लिहिणार होते की अलफियाला नोकरीत अडचण आली असती. तसं काही नाही. लिहिणार होते की दत्तप्रसाद हाताशी होता, रोज जिन्यात भेटतो. अलफियाही दर सणाला तुझ्याकडचा डबा घेऊन माझ्याकडे यायची. तुझं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा आली. माझ्यासमोर खुर्चीत बसायची.

मला सुचलंच नाही.

विचार करून नाकारलं असतं तर निदान तुला कारण देता आलं असतं. मी विचारच केला नाही. 'खपेल असं नाव' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जे आलं ते आलं, आणि मी जिना चढून वर गेले. मी, जी बापूरावांशी भांडले होते. इतकी वर्षं त्या भांडणाची मला केवढी घमेंड!

क्षमा माग म्हणालीस तर मागेन. पण त्याने भरून येईल असं वाटत नाही.

दत्तप्रसादला सांगितलं आहे, मुलाखतीला जायचं नाही. त्याला फार हलकं वाटलं. निकिताला काय सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव. तू म्हणशील तसं मी तिच्यासमोर उभी राहीन.

मुक्ताई


येरवडा
१९ फेब्रुवारी २०२४

मुक्ताई, सलाम.

तुम्ही खोटं बोलला असता तर मी पकडलं असतं. ते मला जमतं. तुम्ही खरं बोललात, आणि त्याचं काय करायचं ते मला येत नाही.

रागावले आहे. पण तुम्हाला सोडून रागवायला माझ्याकडे दुसरं कुणी जवळचं नाही, हेही तितकंच खरं.

आज सकाळी निकिताला पत्र लिहिलं. 'हिराचा तराजू' ही फरहत बागवानची कादंबरी आहे, पुढच्या आवृत्तीवर तेच नाव हवं आणि आत कमरजहां हवी. होत नसेल तर पुढची आवृत्ती काढू नका. तीन पुस्तकांचा करार मला मान्य नाही. ती बहुधा नाहीच म्हणेल. म्हणजे 'काटामारी' संपली, आणि कदाचित मीही संपले.

निकिताच्या पत्रावर दत्तप्रसाद सही करायला तयार आहे असं अलफियाला त्याने कळवलंय. तो मुलगा चांगला आहे. तुमचीही सही लागेल. दोन्ही पत्रं घेऊन उद्या अलफियाच येईल.

पत्र मी स्वतःच लिहिलंय, तुमच्याकडे तपासायला पाठवलेलं नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. चुका दिसल्या तरी हात लावू नका. फक्त सही करा.

फरहत बागवान